शिकाऱ्याच्या पुढे कॅमेरा कसा पोचला?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘कलाहारी वाळवंटातील सान शिकारी भर उन्हात कुडूचा तासन्‌तास पाठलाग करून त्याला थकवून मारतात, याचे प्रत्यक्ष चित्रीकरण उपलब्ध आहे.’ संदर्भ म्हणून बीबीसीच्या ‘द लाइफ ऑफ मॅमल्स’ या मालिकेचा शेवटचा भाग दिला होता. कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं, आपल्या सांबराएवढं थोराड आफ्रिकन कुरंग. डेव्हिड अ‍ॅटनबरोंचा आवाज, आठ तासांचा पाठलाग, शेवटी पाय गळून खाली बसलेलं जनावर आणि त्याच्यासमोर उभा एकटा माणूस. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती क्लिप पाहिली असेल. मीही ती इतक्या वेळा पाहिली होती की ‘प्रत्यक्ष चित्रीकरण’ हे शब्द लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

गाईडनी मसुदा वाचला आणि क्लिप लावायला सांगितली. शांतपणे पाहिली. मग एका ठिकाणी थांबवली. शिकारी धापा टाकत थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतोय, असा तो शॉट. सर म्हणाले, “हा माणूस हरणाच्या मागे पळतोय ना? मग त्याच्या पुढे हा कॅमेरावाला काय करतोय? त्याला कसं कळलं, हा इथूनच येणार म्हणून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर प्रश्नच कधी पडला नव्हता. आम्ही सायन्सवाले थर्मामीटरचा एरर विचारतो, मायक्रोस्कोपचं रिझोल्यूशन विचारतो. पण व्हिडिओ समोर आला की ‘दिसतंय ना डोळ्यांनी’ म्हणून मोकळे होतो. तुम्ही आता सिनॉप्सिस लिहायला बसला असाल आणि त्यात कुठे एखादी डॉक्युमेंटरी सोर्स म्हणून टाकायचा विचार असेल, तर सरांच्या त्या प्रश्नामागे किती जुना इतिहास आहे तो आधी वाचा. मला तो शोधायला दीड वर्ष लागलं.

गोष्ट १९०९ पासून सुरू करतो. मार्च महिन्यात थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरले आणि तीनच आठवड्यांत मुलगा करमिटला घेऊन आफ्रिकेच्या बोटीत बसले. मोहीम स्मिथसोनियन संस्थेसाठी होती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला नमुने हवे होते आणि रूझवेल्टना शिकार हवी होती. पुढच्या साधारण वर्षभरात बाप-लेकांनी मिळून ५१२ मोठी जनावरं मारली, त्यात १७ सिंह. अख्खी अमेरिका वर्तमानपत्रांतून ही सफर वाचत होती.

शिकागोत विल्यम सेलिग नावाचा एक फिल्म निर्माता होता. या सफरीबरोबर आपला कॅमेरावाला पाठवायचा त्याचा बेत होता, तो फिसकटला. मग सेलिगने काय केलं? एक म्हातारा सिंह विकत घेतला, रूझवेल्टसारखा दिसणारा नट उभा केला, शिकागोतल्याच कृष्णवर्णीय लोकांना आफ्रिकन हमाल बनवलं, स्टुडिओत जंगल उभारलं आणि कॅमेऱ्यासमोर त्या सिंहाला खरोखर गोळी घातली. चित्रपटाचं नाव ‘हंटिंग बिग गेम इन आफ्रिका’. रूझवेल्ट हे नाव त्यात कुठे घेतलेलं नाही; घ्यायची गरजच नव्हती. रूझवेल्ट अजून आफ्रिकेतच होते तेव्हा हा चित्रपट थिएटरांत लागला आणि तुफान चालला. आपण अस्सल आफ्रिका बघून आलो असं पुष्कळ प्रेक्षकांना वाटलं.

आता दुसरी बाजू बघा. त्याच वर्षी चेरी कीअर्टन नावाचा इंग्रज माणूस खरोखरच आफ्रिकेत होता. हा साधासुधा गडी नव्हे. भाऊ रिचर्डबरोबर त्याने पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी पेंढा भरलेल्या बैलाच्या कातड्यात लपून बसण्याचा उद्योग केलेला होता. निसर्गाचं छायाचित्रण हा विषय ज्यांनी उभा केला त्यांच्यातला तो एक. रूझवेल्टशी त्याची गाठ पडली आणि त्याने त्यांचं चित्रीकरण केलं. ‘रूझवेल्ट इन आफ्रिका’ १९१० साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. खरा रूझवेल्ट, खरी आफ्रिका, खरे हमाल. आणि लोक कंटाळले. त्यात स्थानिक लोकांचे नाच होते, माणसांच्या रांगा होत्या, लांबवर दिसणारी जनावरं होती. पण रूझवेल्ट सिंह मारताना कुठेच नव्हते. ज्या प्रसंगासाठी लोक तिकीट काढून आले होते, नेमका तोच गायब.

या दोन फिल्म शेजारी ठेवल्या की मला नेहमी एक गोष्ट खटकते. सेलिगने फसवलं हे खरं, पण तेवढ्यावर भागलं नाही. ‘सिंहाची शिकार अशी दिसते’ हे प्रेक्षकांनी खोट्या फिल्ममधून आधी शिकून घेतलं होतं, त्यामुळे खरी फिल्म आली तेव्हा तीच त्यांना अपुरी वाटली.

सेलिगची कल्पनाही पहिली नव्हती. दोन वर्षं आधी, १९०७ मध्ये, डेन्मार्कच्या नॉर्डिस्क कंपनीच्या ओले ओल्सेनने हॅम्बुर्गच्या हागेनबेक या प्राणी-व्यापाऱ्याकडून दोन सिंह आणले, रॉस्किल्डच्या खाडीतल्या एलेओरे नावाच्या चिमुकल्या बेटावर सोडले आणि ‘लोवेयाग्टेन’, म्हणजे ‘सिंहाची शिकार’, ही फिल्म काढली. दिग्दर्शक व्हिगो लार्सन. बेटावरच्या दृश्यांमध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयातली जनावरं जोडून दिली: शिकारी नजर वळवतो, कट, समोर झेब्रा. प्राण्यांच्या छळाविरुद्ध ओरड झाली, न्यायमंत्री आल्बेर्टी यांनी मनाई केली, तरी सिंह मारले गेलेच. डेन्मार्कमध्ये बंदी, म्हणून आधी स्वीडनमध्ये प्रदर्शन. फिल्मच्या २५९ प्रती विकल्या गेल्या. त्या काळात हा आकडा प्रचंड होता. (पुढच्याच वर्षी हे न्यायमंत्री स्वतः मोठ्या अफरातफरीत अडकले आणि त्यानंतर फिल्म डेन्मार्कमध्येही लागली. इतिहासात अशा गमती भेटतात, त्यावर प्रकरण लिहायचा मोह आवरावा लागतो.)

आता तुम्ही विचाराल, कीअर्टनने थोडी मेहनत घेऊन खरी शिकार का नाही टिपली? इथे जरा थांबू या, कारण या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्याच्या यंत्रात आहे.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि हाताने फिरवायचा दांडा. सेकंदाला साधारण १६ फ्रेम पडाव्यात म्हणून दांडा एका लयीत फिरवत राहायचं. ३५ मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर १६ फ्रेम बसतात, म्हणजे एका सेकंदाला एक फूट फिल्म खर्च. चारशे फुटांचं रीळ पावणेसात मिनिटांच्या आत संपतं. फिल्म फारशी संवेदनशील नव्हती, तिला लख्ख ऊन लागायचं. आणि सिंह हलतो पहाटे, संध्याकाळी, रात्री. दुपारी उन्हात तो झाडाखाली लोळत असतो. दांड्याची घरघर जनावराला ऐकू जाते. तिवई लावून, फोकस जुळवून तयार व्हायला वेळ लागतो, आणि चवताळलेला सिंह शंभर मीटर अंतर काही सेकंदांत कापतो. शिवाय कॅमेरावाल्याचे दोन्ही हात गुंतलेले, बंदूक दुसऱ्याच्या हातात.

एक गणित करून बघा. बीबीसीच्या क्लिपमधला पाठलाग आठ तासांचा. तो सलग, एकही क्षण न सोडता १९०९ च्या कॅमेऱ्याने घ्यायचा तर २८,८०० फूट फिल्म लागेल, सत्तरेक रिळं. रॉबर्ट फ्लाहर्टीने कॅनडाच्या उत्तरेत इनुइट लोकांमध्ये राहून घेतलेली पहिली फिल्म १९१६ मध्ये सिगारेटच्या ठिणगीने जळून गेली, तिची लांबी सुमारे ३०,००० फूट सांगतात. म्हणजे काही वर्षांचं काम जेमतेम एका पाठलागाएवढं! म्हणून काहीही चित्रित करायचं तर काय गाळायचं हे आधी ठरवावंच लागतं, प्रामाणिक माणसालासुद्धा. आणि शिकारीत गाळायला सर्वांत सोपा भाग असतो वाट बघण्याचा.

फ्लाहर्टीचं नाव निघालंय तर १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’बद्दल दोन वाक्यं. फिल्मच्या नायकाचं खरं नाव अल्लाकारिअल्लाक. तोवर त्याचे लोक बंदुका वापरत होते. फ्लाहर्टीला मात्र बंदुकांच्या आधीचं जग दाखवायचं होतं, म्हणून वॉलरसची शिकार भाल्याने झाली. बर्फाच्या भोकातून सीलशी चाललेली ती प्रसिद्ध ओढाताणही रचलेली होती. ही फिल्म डॉक्युमेंटरी या प्रकाराची आई मानली जाते, हे लक्षात असू द्या.

मराठीत आपण ‘सावज टिपलं’ म्हणतो आणि ‘क्षण टिपला’ही म्हणतो. क्रियापद एकच. इंग्रजीतल्या शूट शब्दाचंही तेच, आणि हा निव्वळ शब्दांचा योगायोग नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये उडत्या पक्ष्यांचा अभ्यास करण्यासाठी चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता. दस्ता खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. सेकंदाला १२ प्रतिमा. पक्षी न मारता हाती लागतो! प्रयोगशाळेतल्या या उपकरणाच्या घराण्यातच पुढे सिनेमाचा कॅमेरा येतो.

आपल्याकडचा या विषयातला सर्वांत उपयोगी साक्षीदार म्हणजे जिम कॉर्बेट. मराठीत तो भाषांतरांमधून घरोघरी पोचलेला आहे, त्यामुळे तुम्ही वाचला असेलच. कॉर्बेटने दोन्ही केलं: बंदुकीने वाघ मारले आणि मग सिनेकॅमेऱ्याने वाघ टिपले. रुद्रप्रयागचा बिबट्या घ्या. १२५ माणसांचा बळी नोंदवलेला हा नरभक्षक २ मे १९२६ रोजी मारला गेला. पण पुस्तक उघडून बघा, पानंच्या पानं काय आहे? अलकनंदेवरच्या पुलाच्या बुरुजावर एकामागून एक वीस रात्री, आणि बिबट्या नाही. झाडावर रात्र, पाऊस, कुडकुडणं, सकाळी रिकाम्या हाताने परत. फसलेले सापळे, चुकलेली गोळी. यशाचा क्षण पुस्तकात काही ओळींचा आहे. आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत तर त्याला जंगलातल्या ओढ्यावर छोटे बांध घालून पाण्याचा खळखळाट तयार करावा लागला, म्हणजे त्या आवाजात कॅमेऱ्याची घरघर बुडेल. एवढं करून मिळाली काही मिनिटांची फिल्म. कागदावर वीस रिकाम्या रात्री लिहिता येतात आणि वाचक त्या वाचतोही, कारण भीती त्याच रात्रींमध्ये आहे. व्हिडिओवाला वीस रिकाम्या रात्री दाखवू शकत नाही. त्याच्यासाठी ती रात्र म्हणजे अंधार.

आता कलाहारीकडे वळतो, माझ्या वाक्याकडे.

कलाहारीतल्या शिकारीची सर्वांत गाजलेली जुनी फिल्म म्हणजे जॉन मार्शलची ‘द हंटर्स’, १९५७ ची. चार जुहोआन पुरुष एका जिराफाला विषारी बाण मारतात आणि अनेक दिवस माग काढत त्याला गाठतात, अशी कथा. मानववंशशास्त्राच्या कितीतरी वर्गांमध्ये विद्यार्थ्यांच्या पिढ्या ही फिल्म बघत आल्या. पण ती एका शिकारीची नोंद नाही. वेगवेगळ्या वेळच्या, वेगवेगळ्या शिकारींचे तुकडे जोडून ती एक शिकार तयार झालेली आहे. मार्शलने हे पुढे स्वतः मान्य केलं आणि त्या फिल्मबद्दल तो नंतर बराच कठोरपणे बोलत असे.

तरी ‘द हंटर्स’मध्ये एक गोष्ट नक्की शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे बाणाचं काम. हे विष एका भुंग्याच्या अळीपासून काढतात. ते बाणाच्या टोकाला लावत नाहीत, टोकामागच्या दांडीला लावतात, म्हणजे चुकून हाताला टोचलं तर जीव जाऊ नये. ते हळू चढतं. मोठं जनावर पडायला कित्येक तास, कधी दिवस लागतात. म्हणजे ज्या क्षणाला आपण व्हिडिओत ‘शिकार’ म्हणतो, बाण सुटला आणि लागला, तो या माणसांच्या दृष्टीने कामाची सुरुवात असते. पुढचं सगळं माग काढणं: वाळूतल्या खुरांची धार ढासळली का, लेंडी किती ओली, गवत कुठल्या बाजूला वाकलंय, कळपातून जखमी जनावर कुठे फुटलं. यातलं बहुतेक कॅमेऱ्याला दिसतच नाही. दिसतो तो खाली मान घालून चालणारा माणूस.

आणि आता कुडूचा पाठलाग. शास्त्रीय कल्पना साधी आणि सुंदर आहे. माणूस अंगभर घाम गाळून शरीर थंड ठेवतो. कुडूची भिस्त बरीचशी धापा टाकण्यावर, आणि चौखूर उधळताना नीट धापा टाकता येत नाहीत. त्याला सावलीत थांबू दिलं नाही तर त्याचं शरीर तापत जातं आणि शेवटी ते कोसळतं. २००४ मध्ये डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की लांब पल्ल्याचं धावणं आपल्या प्रजातीच्या घडणीत महत्त्वाचं ठरलं असावं. मग प्रश्न आला, अशी शिकार करताना खरोखर कुणी पाहिलंय का? पाहिलं होतं, दक्षिण आफ्रिकेच्या लुई लीबनबर्गने. माग काढण्याची कला हेच विज्ञानाचं मूळ, असं पुस्तक १९९० मध्ये लिहिणारा हा माणूस; तो शिकाऱ्यांबरोबर स्वतः धावलेला. २००६ मध्ये त्याने ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’मध्ये अशा दहा पाठलागांची माहिती छापली.

आणि इथेच माझी गाठ पडली त्या वाक्याशी, जे मी आधी वाचूनही वाचलं नव्हतं. २००७ मध्ये ट्रॅव्हिस पिकरिंग आणि हेन्री बन यांनी लीबनबर्गच्याच मजकुरावर बोट ठेवलं: यातले बहुतेक पाठलाग चित्रीकरणासाठी मुद्दाम घडवून आणलेले आहेत, सुरुवातीला गाडी वापरली आहे आणि वाटेत पाण्याच्या बाटल्या पुन्हा भरून घेतल्या आहेत. हे लीबनबर्गने लपवलेलं नव्हतं, ही त्याची प्रामाणिकता. क्रेग आणि डेमन फॉस्टर या भावांची २००० सालची ‘द ग्रेट डान्स’ ही फिल्म आणि नंतरची बीबीसीची क्लिप याच मंडळींच्या, याच भागातल्या कामातून आलेली. (क्रेग फॉस्टर म्हणजे ‘माय ऑक्टोपस टीचर’मधला तोच.)

म्हणजे बघा कसं वर्तुळ झालं. सिद्धान्ताला पुरावा हवा. पुरावा म्हणून निरीक्षण. निरीक्षणातला मोठा भाग फिल्म काढायची होती म्हणून घडलेला. आणि मग माझ्यासारखा विद्यार्थी येतो, फिल्म बघतो आणि ती स्वतंत्र पुरावा म्हणून पुन्हा त्याच सिद्धान्ताखाली लावतो! मी एकच माहिती दोनदा मोजत होतो. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात हे केलं असतं तर शून्य मिळालं असतं.

घाईने उलट्या टोकाला जाऊ नका. ‘व्हिडिओ रचलेला, म्हणजे अशी शिकार खोटी’ हेही तितकंच चुकीचं. तो शिकारी खरोखर धावला, कुडू खरोखर पडला. जवळपास चाळीस अंश तापमानात माणसाचं शरीर हे करू शकतं, एवढं ती फिल्म नक्की दाखवते. लोक हे किती वेळा करत, कधी करत आणि कुणी सांगितल्याशिवाय करत का, हे मात्र ती सांगू शकत नाही. या प्रश्नांचं उत्तर आलं भलत्याच ठिकाणाहून. २०२४ मध्ये यूजीन मोरिन आणि ब्रूस विंटरहाल्डर यांनी ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये सोळाव्या शतकापासूनच्या प्रवासवर्णनांमधून, मिशनऱ्यांच्या आणि वांशिक अभ्यासकांच्या लिखाणातून पळवून दमवण्याच्या शिकारीच्या जवळपास ४०० नोंदी गोळा केल्या, २७२ ठिकाणच्या. त्या कॅमेऱ्यासाठी घडलेल्या नव्हत्या. लिहिणाऱ्यांचे पूर्वग्रह त्यांतही आहेत, आणि त्यांतली छाननी हा वेगळा उद्योग. पण वर्तुळ तुटलं. जुन्या, धूळ खात पडलेल्या, कुणी ‘कंटाळवाण्या’ म्हणाव्यात अशा कागदांनी ते तोडलं.

रोजच्या शिकारीचा खरा अनुभव काय, हे सांगणारे दोन आकडे मी टेबलासमोर चिकटवून ठेवलेत. पहिला रिचर्ड ली यांचा. १९६४ मध्ये त्यांनी कलाहारीतल्या दोबे इथे २८ दिवस रोज कोण काय करतो याची डायरी ठेवली. एक माणूस एक दिवस शिकारीला गेला की तो एक ‘मनुष्य-दिवस’ धरला, तर साधारण चार मनुष्य-दिवसांमागे एक जनावर, आणि त्यात लहानसहान प्राणीही आले. पोटाची मदार मुख्यतः बायका गोळा करून आणत त्या कंदमुळांवर आणि बियांवर. दुसरा आकडा टांझानियातल्या हाड्झा शिकाऱ्यांचा, क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिलेला. मोठ्या जनावरांपुरतं बघितलं तर शंभरातले ९७ दिवस शिकारी काहीच न मिळवता परततो. दोन्ही आकडे थेट एकमेकांशी ताडू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पण दुसऱ्या आकड्याला धरून अर्ध्या तासाचा प्रामाणिक व्हिडिओ काढायचा तर त्यात एकोणतीस मिनिटं माणसं चालतात, बसतात, बाण तासतात, मध शोधतात, घरी येतात. उरलेल्या एका मिनिटात कुठेतरी शिकार.

हॉक्स यांनी यावरून एक वादग्रस्त पण डोकं खाणारा प्रश्न विचारला होता: इतकं अपयश असताना पुरुष मोठ्या जनावरांच्याच मागे का जातात? त्यांचं एक उत्तर असं, की मोठी शिकार सगळ्यांना दिसते, सगळ्यांत वाटली जाते, नाव होतं. यावर पुष्कळ वाद झाले. मला त्यात रस वेगळ्या कारणाने आहे. शिकारीला प्रेक्षक कॅमेऱ्याच्या आधीपासून होता, आणि रिकाम्या हाताने आलेल्या ९७ दिवसांच्या गोष्टी शेकोटीभोवतीही कदाचित कमीच रंगत असतील.

मी आता फिल्म सोर्स म्हणून घेतो तेव्हा आवाज बंद करून बघतो. निवेदन आणि संगीत गेलं की सांधे दिसायला लागतात. प्रत्येक शॉटला वहीत एक ओळ: कॅमेरा कुठे, सावली किती लांब, अंगावर काय, हातात काय. सावली बघायची हे मला एका सीनिअरने शिकवलं. ‘सकाळी’ सुरू झालेल्या पाठलागात मध्येच सावल्या पुन्हा लांबून पुन्हा आखूड झाल्या, तर एका दिवसात दोन दिवस शिवलेले आहेत. मग निर्मात्यांनी स्वतः काय लिहिलंय, बोललंय ते शोधायचं. मार्शल, लीबनबर्ग, कॉर्बेट, कुणीच फारसं लपवलेलं नाही. आपणच तिथवर जात नाही. हे काम रटाळ आहे. दहा मिनिटांच्या फुटेजला माझे दोन दिवस जातात, आणि घरी आईला वाटतं पोरगं व्हिडिओ बघत बसलंय.

सिनॉप्सिसमधलं वाक्य शेवटी असं झालं: ‘पळवून दमवण्याच्या शिकारीच्या नोंदी सोळाव्या शतकापासूनच्या लिखित साधनांमध्ये आढळतात, उपलब्ध चित्रीकरण हे निर्मात्यांच्या सहभागाने घडलेल्या पाठलागांचे असून त्यातून वारंवारतेचा निष्कर्ष काढता येत नाही.’ सरांनी वाक्याला टिक केली. मग ‘सहभागाने’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढून समासात लिहिलं: “म्हणजे नक्की किती?”

त्याच्यावर तिसरं प्रकरण चालू आहे.